अनुभवाचे मोल : सर स्टॅन्ली मॅथ्यूज

चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्टोक-ऑन-ट्रेंट या इंग्लंडमधील शहरात २८ ऑक्टोबर १९६१ रोजी स्टोक सिटी या व्यावसायिक फुटबॉल संघाचा एक सामना झाला. सामना दुसऱ्या विभागातला, प्रतिस्पर्धी हडर्सफील्ड टाउन. एरवी शहराबाहेर कोणी त्याची दखलही घेतली नसती. त्याआधी घरच्या मैदानावर झालेल्या सामन्याला जेमतेम साडेआठ हजार प्रेक्षक आले होते. या दिवशी मात्र व्हिक्टोरिया ग्राउंडवर सुमारे ३६,००० लोक दाटीवाटीने उभे होते, कारण सात क्रमांकाचा सदरा घालून स्टॅन्ली मॅथ्यूज मैदानात उतरणार होते. त्यांचे वय त्या वेळी सेहेचाळीस पूर्ण होऊन सत्तेचाळिसाकडे झुकले होते. चौदा वर्षांपूर्वी, बत्तिसाव्या वर्षी, याच संघाने त्यांना दुसऱ्या संघाकडे जाऊ दिले होते.

स्टोकने तो सामना ३-० असा जिंकला. तरीही अनेकांच्या मनात शंका होती. तिशी ओलांडली की खेळाडूचे पाय जड होतात, असे मानणाऱ्या या खेळात सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला वेतन देणे हा तिकीटविक्रीचा डाव आहे की संघबांधणीचा? व्यवस्थापक टोनी वॉडिंग्टन यांना या प्रश्नाचे उत्तर द्यायला पुढचे दीड वर्ष लागले. ते उत्तर समजून घ्यायचे तर मॅथ्यूज यांनी मागील तीस वर्षांत काय साठवले होते, ते पाहायला हवे.

स्टॅन्लीचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी स्टोकमधील हॅन्ली या भागात झाला. चार भावांतला तो तिसरा. वडील जॅक मॅथ्यूज यांचे केशकर्तनालय होते. शिवाय ते मुष्टियोद्धे होते आणि त्या भागात हॅन्लीचा लढवय्या न्हावी म्हणूनच ओळखले जात. मुलाने आपल्यासारखेच मुष्टियोद्धा व्हावे, ही त्यांची इच्छा. त्यासाठी त्यांनी मुलांना पहाटे उठवून उघड्या खिडकीपाशी दीर्घ श्वसन आणि व्यायाम करण्याची सवय लावली. स्टॅन्लीला मात्र चेंडूचे वेड होते. तो दहा वर्षांचा असताना कठोर सरावाचा ताण त्याला असह्य झाला, तेव्हा आईने मध्ये पडून नवऱ्याला थांबवले. वडिलांनी हट्ट सोडला, पण एक अट घातली : फुटबॉलच खेळायचा असेल, तर इंग्लंडच्या शालेय संघात निवड होऊन दाखव. वेलिंग्टन रोड शाळेच्या या विद्यार्थ्याने चौदाव्या वर्षी ती अट पूर्ण केली. मुष्टियुद्ध सुटले, पहाटेचा व्यायाम मात्र सुटला नाही. पन्नाशीपर्यंत तो अखंड चालू राहिला. मुलाने आपली वाट सोडली तरी वडिलांची शिदोरी टाकली नाही, असे या घराबाबत म्हणता येईल.

पंधराव्या वर्षी तो स्टोक सिटीच्या कार्यालयात आठवड्याला एक पौंड पगारावर हरकाम्या म्हणून लागला. सतराव्या वाढदिवशी त्याने व्यावसायिक खेळाडूच्या करारावर सही केली आणि १९ मार्च १९३२ रोजी बरी या संघाविरुद्ध पहिला सामना खेळला. पुढच्याच हंगामात स्टोक दुसऱ्या विभागात अव्वल ठरून पहिल्या विभागात गेला. सप्टेंबर १९३४ मध्ये, एकोणीस वर्षे वयाच्या मॅथ्यूज यांनी वेल्सविरुद्ध इंग्लंडकडून पदार्पण केले आणि त्याच सामन्यात गोलही नोंदवला.

त्यांची जागा उजव्या बगलेवर होती. त्या काळी प्रत्येक संघात दोन्ही कडांना एकेक विंगर असे; कडेने चेंडू नेऊन तो गोलसमोर धावून येणाऱ्या सहकाऱ्यांकडे पोचवणे हे त्याचे काम. मॅथ्यूज यांची हालचाल सांगायला अगदी सोपी होती. चेंडू पायाशी घेऊन ते बचावपटूच्या अगदी जवळ जात, शरीर डावीकडे झुकवत, आणि बचावपटूचा तोल त्या बाजूला गेला की उजवीकडून निसटत. पुढच्या आठ-दहा पावलांचा वेग असा असे की मागचा माणूस मागेच राही. ही युक्ती इंग्लंडमधील प्रत्येक बचावपटूला ठाऊक होती, प्रशिक्षक ती फळ्यावर काढून दाखवत, तरीही ती तीस वर्षे चालली. याचे मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. मॅथ्यूज लांब पल्ल्याच्या वेगावर विसंबून नव्हते. समोरचा माणूस कोणत्या क्षणी कोणत्या पायावर भार देतो, हे ते वाचत. वेग वयाबरोबर घटतो. ही वाचण्याची कला सामन्यागणिक वाढत जाते.

लोकांचे त्यांच्यावरचे प्रेमही विलक्षण होते. १९३८ मध्ये त्यांनी संघ सोडण्याची परवानगी मागितली, तेव्हा शहरात निषेध सभा भरली, तीन हजारांहून अधिक नागरिक जमले आणि मॅथ्यूज यांना विचार बदलावा लागला. मग युद्ध आले. खेळाडूच्या आयुष्यातील उमेदीची समजली जाणारी वर्षे, चोविसाव्यापासून तिसाव्यापर्यंतची, त्यांनी हवाई दलात काढली. त्या काळात सामने होत, पण अधिकृत लीग स्पर्धा बंद होती. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते.

आणि येथेच स्टोक सिटीने एक महागडी चूक केली. १९४६-४७ च्या हंगामात संघ इतिहासातील पहिल्या विजेतेपदाच्या जवळ पोचला होता. व्यवस्थापक बॉब मॅग्रोरी आणि मॅथ्यूज यांचे पटत नव्हते. दुखापतीनंतर आधी राखीव संघात खेळून तंदुरुस्ती सिद्ध करावी, असे मॅग्रोरी यांनी सुचवले आणि मॅथ्यूज यांनी ते साफ नाकारले. दोघांपैकी कोणी माघार घेतली नाही. दोष सर्वस्वी एका बाजूला देणे कठीण आहे, कारण मॅथ्यूजही काही कमी मानी नव्हते. परिणाम असा झाला की हंगामाचे मोजके सामने उरलेले असताना, १० मे १९४७ रोजी, साडेअकरा हजार पौंडांना ते ब्लॅकपूल संघाकडे गेले. शेवटचा सामना जिंकला असता तर स्टोकला विजेतेपद मिळाले असते. तो शेफील्ड युनायटेडविरुद्ध १-२ असा हरला. संघ चौथ्या क्रमांकावर राहिला. मॅथ्यूज असते तर निकाल बदलला असता, असे ठामपणे म्हणता येत नाही. पण स्टोकमधील जुन्या प्रेक्षकांनी मॅग्रोरींना त्याबद्दल क्षमा केली नाही.

ब्लॅकपूलचे व्यवस्थापक जो स्मिथ यांनाही बत्तीस वर्षांच्या या खेळाडूकडून आणखी एक-दोन वर्षांचीच अपेक्षा होती. ते तेथे चौदा वर्षे खेळले. १९४८ मध्ये क्रीडा पत्रकारांनी वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटू निवडण्याचा पायंडा पाडला, तेव्हा तो पहिला मान त्यांनाच मिळाला. १९५० च्या विश्वचषकासाठी ते ब्राझीलला गेले. पात्र ठरूनही भारताने ज्या स्पर्धेकडे पाठ फिरवली, ती हीच. इंग्लंडची तेथे नाचक्की झाली, अमेरिकेसारख्या नवख्या संघानेही त्यांना हरवले. मॅथ्यूज यांना फक्त स्पेनविरुद्ध खेळायला मिळाले. मात्र तेथील खेळाडूंच्या पायांतील हलके, लवचीक बूट त्यांनी बारकाईने पाहिले आणि मायदेशी परतल्यावर स्वतःसाठी तसेच करवून घेतले. इंग्लंडमध्ये त्या काळी घोट्यापर्यंतचे जाडजूड बूट हीच रीत होती. पस्तिसाव्या वर्षी शिकण्याची ही तयारी निवड समितीतील कित्येकांकडे नव्हती, असे खेदाने नमूद करावे लागते. याच समितीने त्यांना वेळोवेळी संघाबाहेर ठेवले. तेवीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांचे अधिकृत आंतरराष्ट्रीय सामने अवघे ५४ भरले.

एफ. ए. चषकाचे पदक मात्र हाती लागत नव्हते. १९४५ मध्ये वडिलांनी मृत्युशय्येवर ते पदक मिळवण्याचे वचन त्यांच्याकडून घेतले होते, असे सांगितले जाते. ब्लॅकपूल १९४८ मध्ये अंतिम सामना हरला, १९५१ मध्येही हरला. २ मे १९५३ रोजी, महिन्याभरात राज्याभिषेक व्हायचा असलेल्या राणी एलिझाबेथ यांच्या उपस्थितीत, वेम्ब्लीवर बोल्टन वाँडरर्सविरुद्ध तिसरी संधी आली. अडतीस वर्षांच्या मॅथ्यूज यांना चौथी संधी मिळणे कठीण होते. दुसऱ्या सत्रात दहा मिनिटे झाली, तेव्हा ब्लॅकपूल १-३ असा मागे होता.

पुढे जे घडले ते अनुभव म्हणजे काय याचा वस्तुपाठ आहे. त्या काळी बदली खेळाडूची सोय नव्हती. बोल्टनच्या एरिक बेल यांचा स्नायू सुरुवातीलाच दुखावल्याने त्यांना लंगडत खेळावे लागत होते. मॅथ्यूज यांच्यावर पहारा ठेवणारे राल्फ बँक्स यांच्या पायात गोळे येऊ लागले होते. बोल्टनची डावी बाजू, म्हणजेच मॅथ्यूज यांच्या समोरची बाजू, खिळखिळी झाली होती. दोन गोलांनी मागे पडलेला संघ सहसा घाईला येतो आणि चेंडू मिळेल तसा पुढे धाडतो. मॅथ्यूज यांनी तसे केले नाही. ते कडेलाच थांबले. सहकारी एर्नी टेलर त्यांच्याकडे पुन्हापुन्हा चेंडू पोचवत राहिले आणि मॅथ्यूज त्याच दुबळ्या जागेवर पुन्हापुन्हा घाव घालत राहिले. त्यांच्या एका फटक्यावर गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटला आणि स्टॅन मॉर्टेन्सन यांनी तो आत ढकलला. अखेरच्या मिनिटाला मॉर्टेन्सन यांनीच फ्री किकवर बरोबरी साधली. हा त्यांचा तिसरा गोल. भरपाई वेळेत मॅथ्यूज पुन्हा कडेने आत घुसले, चेंडू मागे ओढून दिला आणि बिल पेरी यांनी विजयी गोल केला : ४-३. इतिहासाने या सामन्याला मॅथ्यूज यांचे नाव दिले. तीन गोल मॉर्टेन्सन यांचे असताना आपले नाव लागावे, याचा मॅथ्यूज यांना आयुष्यभर संकोच वाटला आणि तो त्यांनी वारंवार बोलूनही दाखवला. नियतीचा खेळ असा, की त्याच १९५३ साली स्टोक सिटी पहिल्या विभागातून घसरला.

त्यानंतरचे मानसन्मान थोडक्यात सांगता येतील. १९५६ मध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडने ब्राझीलला ४-२ असे हरवले, त्यात एक्केचाळीस वर्षांच्या मॅथ्यूज यांनी निल्तन सांतोस यांच्यासारख्या श्रेष्ठ बचावपटूला हैराण केले. त्याच वर्षी फ्रान्स फुटबॉल या नियतकालिकाने युरोपातील सर्वोत्तम खेळाडूसाठी बॅलन डी ओर हा पुरस्कार सुरू केला आणि आल्फ्रेडो दि स्तेफानो यांना थोडक्यात मागे टाकून मॅथ्यूज त्याचे पहिले मानकरी ठरले. मे १९५७ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी ते इंग्लंडकडून अखेरचे खेळले. आहार बेताचा आणि प्रामुख्याने शाकाहारी, मद्य वर्ज्य, पहाटेचा सराव चुकवायचा नाही, असा त्यांचा दिनक्रम होता. अशा माणसाचे छायाचित्र सिगारेटच्या जाहिरातीत झळकले, ही विसंगतीही नोंदवायला हवी. त्या काळी खेळाडूच्या वेतनावर कमाल मर्यादा होती आणि कीर्तीच्या मानाने पैसा फारच थोडा मिळे, एवढेच त्याचे स्पष्टीकरण.

आता पुन्हा १९६१. त्या वर्षी ती वेतनमर्यादा उठली होती. स्टोक आठ वर्षे दुसऱ्या विभागात रुतला होता आणि मैदान ओस पडले होते. वॉडिंग्टन यांनी सुमारे साडेतीन हजार पौंडांत मॅथ्यूज यांना परत आणले, तेव्हा गर्दीचा विचार त्यांच्या मनात नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. गर्दीतून आलेल्या पैशातून त्यांनी आणखी अनुभवी माणसे गोळा केली. १९५३ च्या विजेत्या संघातील जॅकी मुडी होतेच. म्युनिकच्या विमान अपघातातून बचावलेले मँचेस्टर युनायटेडचे डेनिस व्हायोलेट, वुल्व्हरहॅम्प्टनकडून नावारूपाला आलेले एडी स्टुअर्ट आणि एडी क्लॅम्प, आणि १९६३ च्या वसंतात बर्नलीचे जिमी मॅकिलरॉय आले. इतर संघांनी यांचे दिवस सरले असे मानले होते.

म्हाताऱ्यांचा मेळावा म्हणून या संघाची थट्टाही झाली. ती करणाऱ्यांचे लक्ष एका गोष्टीकडे नव्हते. टोनी ॲलन, एरिक स्कील्स अशी विशीतली तरुण पोरेही त्याच संघात होती आणि धावण्याचा भार त्यांच्यावर होता. मॅथ्यूज बचावासाठी मागे धावत नसत. ते काम दुसरे कोणी तरी करी. रांगड्या खेळाबद्दल ख्यात असलेले क्लॅम्प जवळपास असले, की मॅथ्यूज यांच्या पायावर मुद्दाम लाथ मारू पाहणारा बचावपटू दोनदा विचार करी. त्या बदल्यात मॅथ्यूज काय देत? ते कडेला नुसते उभे राहिले तरी प्रतिपक्षाचे दोन खेळाडू त्यांच्याजवळ अडकून पडत आणि मध्ये मुडी व व्हायोलेट यांना जागा मोकळी होई. शिवाय, कितीही दडपण आले तरी चेंडू त्यांच्याकडे दिला की तो वाया जाणार नाही, हा भरवसा तरुणांना मिळे. अनुभवी माणसाला त्याची दुबळी बाजू झाकणारे सहकारी लाभले, तरच त्याची बळकट बाजू कामी येते. वॉडिंग्टन यांचे खरे कौशल्य मॅथ्यूज यांना घेण्यापेक्षा त्यांच्याभोवती असा संघ रचण्यात होते.

१९६२-६३ चा हंगाम कडाक्याच्या हिवाळ्याने लांबला. गोठलेल्या मैदानांमुळे आठवडेच्या आठवडे सामने होऊ शकले नाहीत आणि उरलेले सारे वसंतात दाटले. थकव्याचा हा काळ ज्येष्ठांच्या संघाला भारी पडेल, असा अनेकांचा होरा होता. ११ मे रोजी लंडनमध्ये मुख्य प्रतिस्पर्धी चेल्सीला मॅकिलरॉय यांच्या एकमेव गोलने हरवून स्टोकने तो खोटा ठरवला. आठवड्याने, १८ मे १९६३ रोजी, घरच्या मैदानावर ल्यूटन टाउनविरुद्ध विजय मिळाला की बढती पक्की होणार होती. मुडी यांनी पहिला गोल केला. दुसऱ्या सत्रात मॅकिलरॉय यांच्या पासवर मॅथ्यूज एकटे पुढे निघाले, गोलरक्षकाला चकवून त्यांनी चेंडू शांतपणे जाळ्यात धाडला. संपूर्ण हंगामातला हा त्यांचा एकमेव गोल. वय अठ्ठेचाळीस. ज्या विभागाचे विजेतेपद त्यांनी अठराव्या वर्षी मिळवले होते, तेच तीस वर्षांनी त्याच संघाला पुन्हा मिळाले. पत्रकारांनी १९६३ चा सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून पुन्हा त्यांचीच निवड केली. आदल्या वर्षी त्यांच्या चिरंजीवांनी विम्बल्डनला मुलांच्या गटाचे टेनिस विजेतेपद पटकावले होते. मुलगा नावारूपाला आला तरी वडील निवृत्त झालेले नाहीत, असे दृश्य क्रीडाजगतात क्वचितच दिसते.

यानंतर गुडघ्याच्या दुखण्याने त्यांना बराच काळ बाहेर ठेवले. १९६५ च्या नववर्षदिनी सर हा किताब जाहीर झाला. खेळत असतानाच तो मिळवणारे ते पहिले फुटबॉलपटू. ६ फेब्रुवारी १९६५ रोजी, वयाची पन्नास वर्षे पाच दिवस पूर्ण झालेली असताना, ते फुलहॅमविरुद्ध शेवटचा लीग सामना खेळले. सुमारे सातशे लीग सामन्यांत पंचांनी त्यांना एकदाही ताकीद दिली नव्हती. एप्रिलमधील निरोपाच्या सामन्यानंतर फेरेंत्स पुश्काश आणि लेव्ह याशिन यांनी त्यांना खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर नेले. आपण थोडे लवकरच थांबलो, आणखी दोन वर्षे सहज खेळलो असतो, असे ते पुढे गंभीरपणे सांगत.

व्यवस्थापक म्हणून मात्र त्यांना यश आले नाही. शेजारच्या पोर्ट व्हेल संघाची सूत्रे घेतल्यावर त्यांनी सारी भिस्त कोवळ्या मुलांवर ठेवली. ज्येष्ठ खेळाडूंचे मोल स्वतःच्या उदाहरणाने सिद्ध करणाऱ्या माणसाने संघ उभारताना ज्येष्ठांकडे दुर्लक्ष करावे, हे कोडेच आहे. संघ खालच्या विभागातच राहिला, नियमबाह्य रकमा दिल्याबद्दल १९६८ मध्ये लीगने त्याला काही काळ बाहेर काढले आणि मॅथ्यूज पायउतार झाले. इकडे वॉडिंग्टन यांनी आपली पद्धत सोडली नाही. १९७२ मध्ये स्टोकने लीग चषक जिंकला, तेव्हा चेल्सीविरुद्धचा विजयी गोल पस्तीस वर्षांच्या जॉर्ज ईस्टहॅम यांचा होता.

मॅथ्यूज यांनी उन्हाळी सुट्टीत आफ्रिकेत जाऊन मुलांना फुटबॉल शिकवण्याचा क्रम खेळत असतानाच सुरू केला होता, तो पुढे अनेक वर्षे चालवला. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट असताना, १९७५ मध्ये, सोवेटो येथील कृष्णवर्णीय शाळकरी मुलांचा संघ बांधून ते त्यांना ब्राझीलला घेऊन गेले. त्या वेळी त्यांचे वय साठ होते.

२३ फेब्रुवारी २००० रोजी, पंच्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेच्या मार्गावर सुमारे एक लाख माणसे उभी होती. व्हिक्टोरिया ग्राउंड तोवर पाडले गेले होते. स्टोक सिटीच्या नव्या मैदानावर, जेथे ते लीगचा एकही सामना खेळले नव्हते, मध्यवर्तुळाखाली त्यांची रक्षा पुरण्यात आली.